मोहाचें फूल आणि किनवटचा बाजार

घरांत बाळंतीण असली कीं डिंकाचे लाडू वळले जातात. सणावारीं बासुंदीवर चार चारोळ्या पडतात. आणि ओसरीवर बसलेले एखादे वृद्ध गृहस्थ डॉक्टरांचा सल्ला विसरून विडी पेटवितात. या तिन्ही वस्तु शहरांतील कुटुंबांच्या इतक्या परिचयाच्या आहेत, कीं त्या कोठून येतात हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वाण्याच्या दुकानांतून येतात, एवढें उत्तर पुरेसें वाटतें. परंतु धावड्याचा डिंक, चारोळी आणि विडीचें पान यांपैकीं एकही वस्तु शेतांत पिकत नाहीं. ती रानांत होते आणि माणसाला ती वेचून आणावी लागते. या वेचणाऱ्या माणसाच्या हातीं तिच्या किंमतीचा कितवा हिस्सा पडतो, हा किनवटसारख्या प्रदेशाच्या अर्थकारणांतील मुख्य प्रश्न होय.

मराठवाडा म्हटला कीं उघडे माळ, ज्वारीचीं काळीं शेतें आणि पाण्याची टंचाई असें चित्र डोळ्यांपुढें येतें. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यांतील किनवट व माहूर या तालुक्यांना तें लागू पडत नाहीं. येथें जिल्ह्याच्या इतर भागांपेक्षां पाऊस अधिक पडतो, डोंगरउतारांवर सागवान उभा आहे, आणि सागाच्या जोडीला धावडा, तेंदू, मोह, चार, बिबा हीं झाडें आहेत. किनवट गांव पैनगंगेच्या कांठीं वसलें आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. डोंगरापलीकडे आदिलाबाद, म्हणजे आतांचें तेलंगण राज्य. माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनास गेलेल्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं हें रान मोटारीच्या खिडकींतून पाहिलें असेल. सहस्रकुंडाचा धबधबा किंवा उनकेश्वरचे उष्ण पाण्याचे झरे पाहण्यासही लोक येतात. रानांत राहणारा माणूस मात्र या प्रवाशांच्या दृष्टीस फारसा पडत नाहीं. गोंड, कोलाम, आंध, नायकपोड या आदिवासी जमाती आणि तांड्यांतून राहणारे बंजारा लोक हे येथले रहिवासी.

किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. राज्यपुनर्रचनेंत तो नांदेडास जोडला गेला. त्यामुळें या भागाच्या आर्थिक इतिहासाचीं आरंभींचीं पानें आदिलाबादच्या इतिहासांत शोधावीं लागतात. निजामी राजवटींत जंगलांच्या सीमा आंखल्या गेल्या आणि राखीव रानांत झोपडी घालणें व नांगर धरणें हा गुन्हा ठरला. त्याच सुमारास सपाटीवरील काळ्या जमिनींकडे बाहेरचे शेतकरी आणि सावकार वळले. एका बाजूनें रान बंद झालें व दुसऱ्या बाजूनें शेत गेलें, अशा कोंडींत गोंड सांपडले. १९४० सालीं जोडेघाटच्या डोंगरांत कुमराम भीम हे आपल्या सोबत्यांसह निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारांत मारले गेले. त्यानंतर सरकारला या असंतोषाचीं कारणें शोधावींशीं वाटलीं, आणि हें काम क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाकडे आलें. त्यांच्या प्रयत्नानें १९४३ सालीं मार्लवाई येथें गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें. तेथील गोंडी भाषेचीं क्रमिक पुस्तकें देवनागरी लिपींत होतीं, कारण त्या डोंगरांत व्यवहाराची भाषा मराठी होती. गोंडांना जमिनीचे पट्टेही मिळूं लागले. जमिनीचा प्रश्न त्यामुळें अंशतः हलका झाला. रानांत होणाऱ्या वस्तु कोणाच्या, या प्रश्नास मात्र कोणी हात घातला नाहीं. त्या सरकारच्या, हें गृहीतच होतें.

या वस्तूंपैकीं मोहाचें फूल हें अगदीं घरगुती, आणि अत्यंत बदनामही. फाल्गुनांत मोहाचीं पानें झडतात व फांद्यांच्या टोकांशीं कळ्यांचे झुबके धरतात. चैत्र लागतां लागतां फुलें गळूं लागतात, तीं उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत. फूल म्हणजे पाकळ्यांचा एक मांसल, फिकट पिंवळा गोळा; त्याचा वास गोड आणि किंचित् उग्र. ऊन चढण्यापूर्वीं फुलें उचललीं नाहींत, तर तीं जनावरें खातात किंवा तीं तुडवलीं जातात. म्हणून बायका व मुलें टोपल्या घेऊन पहाटेच्या अंधारांतच झाडाखालीं जातात. कोणतें झाड कोणत्या घरानें वेचावयाचें, हें बहुधा रूढीनें ठरलेलें असतें; त्याला सात-बारा लागत नाहीं. वेचलेलीं फुलें अंगणांत सुकवितात. सुकल्यावर त्यांचा रंग तांबूस-तपकिरी होतो, वजन निम्म्याहूनही पुष्कळ कमी होतें, आणि उरलेल्या वजनाचा सुमारें निम्मा भाग साखरेचा असतो. पुढें पावसाळ्याच्या तोंडावर फळें पिकतात व त्यांच्या बियांतून तेल निघतें. एकच झाड गोडही देतें आणि स्निग्धही देतें.

शहरांत मोह म्हटला कीं दारू, एवढेंच समीकरण ठाऊक असतें. दारू होते हें खरेंच. तिचे दुष्परिणाम रानांतल्या बायकांना शहरांतील उपदेशकांपेक्षां अधिक ठाऊक आहेत. पण ज्या घरांत ज्येष्ठ-आषाढांत कणगी रिकामी होते, त्या घरांत सुकलेलीं मोहफुलें भाजून, कुटून, धान्यांत मिसळून खाल्लीं जातात. तीं जनावरांनाही चारतात. मिठाची, तेलाची, कापडाची खरेदी त्यांवर होते. एका अर्थीं मोहफुलांची टोपली ही त्या घराची बँक होय. फक्त या बँकेंत ठेव ठेवण्याची सोय फार दिवस नव्हती.

ती कां नव्हती, हें समजून घेण्यासारखें आहे. मोहफूल चैत्र-वैशाखांत मुबलक असतें, म्हणून स्वस्त असतें. पावसाळ्यांत तें दुर्मिळ होतें, म्हणून महागतें. यांत कोणाची लबाडी असलीच पाहिजे असें नाहीं. सुगीच्या प्रत्येक मालाची हीच कथा आहे. कोंकणांतील आंबेवाला आणि खानदेशांतील कापूसवाला यांनाही ती लागू आहे. ज्याला चार महिने थांबतां येतें, त्याला वाढीव किंमत मिळते. ज्याला थांबतां येत नाहीं, त्याला ती दुसऱ्याच्या पदरांत पडलेली पाहावी लागते. वेचणाऱ्याला थांबतां येत नाहीं, कारण त्याला आठवडेबाजाराच्या दिवशींच मीठमिरची आणावयाची असते, आणि पुष्कळदां मागील पावसाळ्यांत घेतलेली उचल त्याच मालावर फेडावयाची असते. अशा रीतीनें जीं फुलें तो वैशाखांत विकतो, तशींच फुलें श्रावणांत चढ्या भावानें विकत घेण्याची पाळी त्याच्यावर येते. मध्य भारतांतील बहुतेक रानांत हा प्रकार पाहावयास मिळतो.

यांत कायद्यानें आणखी एक गांठ मारून ठेविली होती. १९४९ सालच्या मुंबईच्या दारूबंदी कायद्यानें मोहफुलें ही मद्याची कच्ची वस्तु मानून त्यांच्या सांठ्यावर, विक्रीवर आणि वाहतुकीवर परवान्याचें बंधन घातलें. किनवट मुंबई राज्यांत आल्यावर पुढें तोच कायदा येथेंही आला. दारू कमी व्हावी हा हेतु स्तुत्य होता, यांत वाद नाहीं. परंतु परवाना काढणें व्यापाऱ्याला जमे. रानांतल्या कुटुंबाला तें जमण्यासारखें नव्हतें. घरांत अधिक फुलें सांठवलीं तर तो गुन्हा, म्हणून मिळेल त्या भावास विकून मोकळें होणेंच शहाणपणाचें. ज्या माणसाला थांबण्याची सर्वांत अधिक गरज, त्यालाच थांबण्यास मनाई, असा या व्यवस्थेचा अर्थ झाला. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं मोहफुलांवरील हे निर्बंध उठविले. वर्तमानपत्रांत ती बातमी दारूच्या सदराखालींच बहुधा वाचली गेली असेल; खरें पाहतां ती सांठवणीची बातमी होती.

तेंदूच्या पानाची तऱ्हा निराळी आहे. हें पान कोणी खात नाहीं. त्याचा उपयोग एकच, विडी वळण्याचा. माघ-फाल्गुनांत तेंदूचीं झुडपें छाटतात, म्हणजे त्यांना कोंवळी व सारखी पालवी फुटते. चैत्राच्या अखेरीपासून पावसापूर्वीं पानें तोडलीं जातात. सत्तर पानांचा एक पुडा, आणि एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा महाराष्ट्रांत हिशेब आहे. म्हणजे एका गोणीसाठीं सत्तर हजार पानें हातानें तोडून, निवडून, बांधावीं लागतात. हे पुडे संध्याकाळीं फळीवर, म्हणजे गांवाजवळच्या खरेदीच्या जागीं, मोजून दिले जातात. तेथें तें उन्हांत वाळवून, पाणी शिंपडून मऊ करून, बोदांत भरतात. निजामाबाद, सोलापूर, सिन्नर, निपाणी अशा ठिकाणीं विड्यांचा धंदा आहे. तेंदूच्या पानाची विडी होते ती बहुधा अशा दूरच्या गांवीं. रानाच्या गांवाला केवळ तोडणीची मजुरी.

ही मजुरी १९६९ पर्यंत ठेकेदाराच्या मर्जीवर होती. त्या वर्षीं महाराष्ट्रानें वन-उत्पादनाच्या व्यापारासंबंधीं कायदा करून तेंदूचा व्यापार सरकारच्या हातीं घेतला. जंगलाचे विभाग पाडून ते लिलावानें ठेकेदारास द्यावयाचे, व तोडणीचा दर सरकारनें ठरवावयाचा, अशी पद्धत सुरू झाली. मजुरी निश्चित झाली हा लाभ लहान नव्हता. पण लिलावाची रक्कम सरकारी खजिन्यांत जाई. तिचा कांहीं भाग वेचणाऱ्यांना परत देण्याची कल्पना पुष्कळ उशीरा आली. मालक सरकार, व्यापारी ठेकेदार आणि आदिवासी मजूर, हें त्रिकूट दीर्घ काळ टिकलें.

तें मोडण्याचा प्रयत्न तीन टप्प्यांनीं झाला. १९९६ सालीं संसदेनें अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा केला व गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे असावी असें म्हटलें. किनवट तालुक्याचा मोठा भाग १९८५ च्या आदेशान्वयें अनुसूचित क्षेत्रांत येतो. २००६ सालीं वनहक्क कायदा झाला आणि सामूहिक हक्क मिळालेल्या गांवाला आपल्या रानांतील तेंदू, मोह, बांबू, डिंक इत्यादि वस्तु वेचण्याचा व विकण्याचा अधिकार कागदावर आला. महाराष्ट्रानें पहिल्या कायद्याचे नियम २०१४ सालीं केले, म्हणजे अठरा वर्षांनीं! या नियमांनंतर तेंदूच्या बाबतींत ग्रामसभेपुढें दोन मार्ग आले: वनखात्याकडून लिलाव करवून घ्यावा, किंवा आपण स्वतः विक्री करावी.

स्वतः विक्री करणें म्हणजे काय, याचा धडा गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवानें घालून दिला. त्या गांवाला २००९ सालीं आपल्या रानावरील सामूहिक हक्क मिळाला होता. पण तोडलेला बांबू रस्त्यावरून नेण्याचा परवाना वनखातें देईना. जी वस्तु नेतां येत नाहीं ती विकतां येत नाहीं, आणि जी विकतां येत नाहीं तिची मालकी नांवाचीच. अखेर एप्रिल २०११ मध्यें तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनीं त्या गांवीं जाऊन परवान्याचें पुस्तकच ग्रामसभेच्या हवालीं केलें. पुढें २०१२ सालीं नियमांत दुरुस्ती होऊन वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार सर्वत्र ग्रामसभेकडे आला. एका चौकोनी पुस्तकानें एवढा फरक पडावा, हें ऐकून नवल वाटेल. पण रानाच्या व्यापारांत कुऱ्हाडीपेक्षां पावती अधिक बलवान असते.

ग्रामसभा विक्रेती झाली म्हणजे विक्रेत्याच्या सर्व विवंचना तिच्याकडे येतात. निविदा काढणें, बोली तपासणें, ठेकेदारानें अर्धी रक्कम देऊन पाऊल मागें घेतलें तर वसुली करणें, हीं कामें रानांत फिरून येत नाहींत. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर लागू झाला तेव्हां तेंदूच्या पानावर अठरा टक्के आणि विडीवर अठ्ठावीस टक्के कर बसला. कर खरेदीदारानें भरला, तरी बोली लावतांना तो तेवढा भार आधींच वजा धरतो, हें कोणत्याही दुकानदारास सांगावयास नको. २०२५ च्या सप्टेंबरांत हे दर अनुक्रमें पांच व अठरा टक्क्यांवर आणण्याचें ठरलें. तथापि तेंदूचें भवितव्य एकट्या विडीवर टांगलेलें आहे. विडी आरोग्यास घातक आहे, आणि ती ओढणारे कमी व्हावेत अशीच कोणीही सुज्ञ माणूस इच्छा करील. ज्या दिवशीं ही इच्छा पूर्ण होईल, त्या दिवशीं सत्तर हजार पानें तोडणाऱ्या बाईनें काय तोडावें, याचा विचार मात्र त्या इच्छेबरोबर होत नाहीं.

किनवटांत आणखी एक पेंच आहे, आणि तो नकाशानें पाडलेला आहे. डोंगरापलीकडच्या तेलंगण प्रदेशांत बंजारा, म्हणजे तिकडचे लंबाडा, १९७७ पासून अनुसूचित जमातींत गणले जातात. अलीकडे महाराष्ट्रांत त्यांची गणना विमुक्त व भटक्या जातींत होते. एकाच कुळांतील दोन भाऊ सीमेच्या दोन बाजूंस राहिले, तर कायद्याच्या दृष्टीनें त्यांच्या जाती निराळ्या! वनहक्क कायद्यांत अनुसूचित जमातींच्या कुटुंबास १३ डिसेंबर २००५ पूर्वींचा ताबा दाखविणें पुरतें. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेपूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षें, आपण त्या रानावर अवलंबून होतों असें सिद्ध करावें लागतें. तांड्यांतील वृद्धांच्या स्मरणाला कागदाचा आधार कोठून मिळावा? शेजारच्या गोंड वस्तीशीं एरव्हीं जो सलोखा असतो, त्यावर अशा नियमांचा ताण पडतो, आणि दोन्ही बाजूंच्या गरिबांना वाटूं लागतें, कीं आपला वांटा दुसऱ्या गरिबानेंच नेला.

मुदखेडहून आदिलाबादेकडे जाणारा लोहमार्ग किनवटवरून जातो. पूर्वीं तो मीटरमापी होता. या शतकाच्या पहिल्या दशकांत तेथें रुंद रूळ पडले. रेल्वे आली म्हणजे भरभराट आली, असा एक समज आहे. पण गाडी ज्या वेगानें बाहेरचा माल आणते, त्याच वेगानें कच्चा माल बाहेर नेते. चाराची बी फोडून चारोळी काढणें, मोहाच्या बियांचें तेल गाळणें, डिंक निवडून त्याची प्रत लावणें, हीं कामें ज्या गांवीं होतात, त्या गांवीं किंमतीचा मोठा भाग राहतो. मध्य भारतांत एके काळीं चारोळीच्या मोबदल्यांत मीठ देण्याची चाल होती. ती गेली; परंतु बी फोडण्यापूर्वीं विकावी लागली, तर तोटा तोच, फक्त मिठाऐवजीं नोटांत मोजलेला.

थांबण्याची शक्ति वेचणाऱ्याला मिळावी म्हणून सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९७२ सालीं आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालें. पुढें त्यानें एकाधिकार खरेदी सुरू केली आणि पावसाळ्यांतील टंचाईच्या महिन्यांसाठीं खावटी कर्जाची योजना चालविली. खावटीची कल्पना मूळांत अचूक होती, कारण ज्याच्या घरांत आषाढाचें धान्य आहे त्याला वैशाखांत फुलें विकण्याची घाई नसते. पण खावटी वेळेवर मिळाली तरच खावटी. श्रावण उलटल्यावर आलेला पैसा सावकाराच्या हिशेबांत जमा होतो. केंद्र सरकारनें गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत देण्याची योजना २०१३-१४ पासून आंखली. सुकलेल्या मोहफुलांची ही किंमत किलोमागें १७ रुपये होती. २०२० सालीं ती ३० रुपये झाली. उदाहरणादाखल, एखाद्या कुटुंबानें एका हंगामांत दोन क्विंटल सुकीं फुलें जमविलीं असें धरलें, तर पहिल्या दरानें ३,४०० आणि दुसऱ्या दरानें ६,००० रुपये होतात. एवढ्या रकमेंत एक घर ऊंसतोडीस किंवा शहरांतल्या बांधकामावर जावयाचें महिनाभर लांबणीवर टाकूं शकेल. अट एवढीच, कीं त्या किंमतीस खरेदी करणारा त्या आठवड्यांत, त्या बाजारांत, वजनकांट्यासह हजर असला पाहिजे. आधारभूत किंमत ही जाहीर केल्यानें मिळत नसते.

म्हणून आतां किनवटच्या रानांतील मुख्य प्रश्न हक्काचा जेवढा आहे, तेवढाच कोरड्या जागेचा आहे. मोहफुलांना पावसाळी हवा लागली कीं तीं ओशट होतात, त्यांत बुरशी व कीड पडते. गुडघाभर उंचीचें जोतें, घट्ट दार, पत्र्याखालीं फळ्यांचा माळा आणि तोलाचा खरा कांटा, एवढ्यानें एका गांवाचें गोदाम होतें. त्याबरोबर फुलांवर उचल देणारें थोडें भांडवल लागतें, म्हणजे फुलें गोदामांत राहून मीठमिरची घरांत येते. फुलें स्वच्छ असलीं तर भावही अधिक येतो. छत्तीसगडांत झाडाखालीं जाळीं बांधून फुलें वरच्यावर झेलण्याचा प्रयोग झाला आहे. त्यामुळें मातीही लागत नाहीं, आणि फुलें दिसावींत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जी जुनी खोड आहे व जिच्यामुळें उन्हाळ्यांत रानाला वणवे लागतात, तीही सुटते.

गोदाम झालें तर त्याची किल्ली कोणाकडे राहील, यावर ग्रामसभांना निर्णय करावा लागेल. तितकाच नाजूक प्रश्न खात्याच्या पुस्तकाचा आहे. पहाटेच्या अंधारांत झाडाखालीं वांकणाऱ्या बहुतेक बायका असतात. फळीवर पुडे मोजून देणाऱ्याही त्याच. पैसे जमा होणाऱ्या पुस्तकावर मात्र नांव बहुधा घरांतल्या पुरुषाचें असतें.